वेगळ्या लेआउटचा मेकॅनिकल कीबोर्ड घेताय? मराठीही टाइप करत असाल तर आधी हे वाचा

मी भाषांतराचं काम करते, दिवसातले सात-आठ तास टायपिंग, त्यातलं अर्धं इंग्रजी आणि अर्धं मराठी. चार वर्षांपूर्वी इंग्रजीसाठी क्वर्टी, म्हणजे बटणांची नेहमीची मांडणी (लेआउट), सोडून कोलमॅक ही वेगळी मांडणी शिकायला घेतली आणि त्याच महिन्यात पहिला मेकॅनिकल कीबोर्ड (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला) घेतला. घ्यायच्या आधी खूप वाचलं होतं, पण ते सगळं एकाच लिपीत टाइप करणाऱ्यांनी लिहिलेलं. आपल्याला दोन लागतात, आणि तिथेच सगळा घोळ होतो.

कीबोर्ड आला, कोलमॅक त्याच्यातच बसवला, इंग्रजी व्यवस्थित उमटलं. मग मराठीवर गेले आणि नेहमीच्या सवयीने "मराठी" हा शब्द टाइप केला. स्क्रीनवर आलं "मलिठज". कीबोर्ड बिघडलाय असं समजून मी तो परत पाठवायला निघाले होते. बिघाड काहीच नव्हता, मी पायऱ्या उलट्या क्रमाने चढले होते. म्हणून हा लेख, सरळ क्रमाने.

हाताशी काय ठेवायचं:

- तुमचा सध्याचा कीबोर्ड आणि एक चिकटपट्टी (कशाला ते पुढे सांगते)
- डेटा जाणारी यूएसबी-सी केबल. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर कीबोर्डचे दिवे लागतात पण कंप्यूटरला तो दिसत नाही, यात लोकांचे अख्खे दिवस जातात
- क्रोम किंवा एज ब्राउझर, कारण व्हाया नावाचं बटणं बदलायचं साधन त्यात चालतं, फायरफॉक्समध्ये चालत नाही
- कीकॅप (बटणावरची टोपी) काढायचा तारेचा चिमटा, बहुतेक वेळा डब्यातच येतो
- ऑफिसचा लॅपटॉप असेल तर त्यावर काय इन्स्टॉल करायची परवानगी आहे याची आधी चौकशी

1. आधी लेआउट पक्का करा, कीबोर्ड नंतर

इंग्रजीसाठी नवख्या माणसाने दोनच नावं बघावीत, ड्वोराक आणि कोलमॅक. बाकी वर्कमन, कोलमॅक-डीएच वगैरे बरंच काही आहे, पण त्यांच्यातले फरक तुम्हाला आत्ता कळणारही नाहीत.

ड्वोराक जुना, ऑगस्ट ड्वोराक आणि विल्यम डीली यांना त्याचं पेटंट 1936 मध्ये मिळालं. त्यात क्वर्टीची फक्त ए आणि एम ही दोन अक्षरं जागेवर राहतात. सगळे स्वर डाव्या हाताच्या मधल्या ओळीत, जास्त लागणारी व्यंजनं उजवीकडे. हे वाचून इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींचा प्रमाण लेआउट, येणाऱ्यांना ओळखीचं वाटेल, कारण आपल्याकडेही मात्रा डावीकडे आणि व्यंजनं बहुतेक उजवीकडे, हात आलटून पालटून चालतात. तुम्ही इनस्क्रिप्ट शिकला असाल तर वेगळा लेआउट शिकण्याचं अर्धं काम तुमच्या बोटांनी एकदा केलेलंच आहे, घाबरायचं कारण नाही.

कोलमॅक शाई कोलमन यांनी 2006 मध्ये आणला. यात 17 बटणं बदलतात, बाकीची तिथेच, आणि मुख्य म्हणजे झेड, एक्स, सी, व्ही जागेवर राहतात. म्हणजे कॉपी, पेस्ट, कट, अनडू जसंच्या तसं. ड्वोराकमध्ये कॉपीसाठी सी शोधायला गेलात तर तो क्वर्टीच्या आयच्या जागी आहे, एका हातात माउस धरून कॉपी-पेस्ट करणाऱ्याला हे फार जड जातं. म्हणून विचारलं तर मी कोलमॅकच सांगते.

वेग दुप्पट होईल म्हणून लेआउट बदलू नका. ड्वोराकने वेग वाढतो की नाही यावर जुना वाद आहे, 1956 मध्ये अमेरिकन सरकारसाठी अर्ल स्ट्राँग यांनी केलेल्या चाचणीत तसा फायदा दिसला नव्हता. माझाही वेग आज जवळपास पूर्वीइतकाच आहे. फरक बोटांच्या धावपळीत आहे, हात मधल्या ओळीवर टेकून राहतात आणि संध्याकाळी माझी बोटं पूर्वीसारखी शिणत नाहीत. मला तेवढंच हवं होतं.

आणि जीसीसी-टीबीसीची (सरकारी टायपिंगची) परीक्षा द्यायची असेल, मिनिटाला 30 शब्दांची असो की 40 ची, तर ती पास होईपर्यंत हा विषय पूर्ण बाजूला ठेवा. परीक्षेच्या तोंडावर बोटांची सवय मोडणं म्हणजे फी आणि मेहनत दोन्ही पाण्यात.

2. लेआउट कुठे बसवणार: कंप्यूटरमध्ये की कीबोर्डमध्ये

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि मी नेमकी हीच टाळली होती.

कीबोर्ड कंप्यूटरला "के हे अक्षर दाबलं" असं सांगत नाही, तो सांगतो "अमुक नंबरचं बटण दाबलं". त्या नंबरवर कुठलं अक्षर द्यायचं हे विंडोज किंवा मॅक ठरवतं. त्यामुळे कोलमॅक दोन ठिकाणी बसवता येतो. एक, विंडोज-मॅक-लिनक्सच्या सेटिंगमध्ये, कीबोर्ड साधा क्वर्टीच राहतो. दोन, कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत, म्हणजे बटणंच वेगळे नंबर पाठवायला लागतात आणि कंप्यूटरला वाटतं की समोर क्वर्टीच आहे.

आता "मलिठज" कसं आलं ते बघा. मी दुसरा मार्ग घेतला होता. इनस्क्रिप्टमध्ये म सीवर असतो, सी कोलमॅकमध्ये हलत नाही, म्हणून म बरोबर आला. र असतो क्वर्टीच्या जेवर, पण माझ्या कीबोर्डमधलं ते बटण आता एन पाठवत होतं आणि एनवर ल आहे. काना ईच्या जागी, तिथून जात होता एफ, एफवर पहिली वेलांटी. ठ एंटरशेजारच्या बटणावर, ते हललं नाही, म्हणून ठ ठीक. दुसरी वेलांटी आरच्या जागी, तिथून जात होता पी आणि पीवर ज. म, ल, ि, ठ, ज. सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं, फक्त एका लेआउटवर दुसरा लेआउट चढला होता.

यावरून नियम सोपा आहे:

इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टनने (जुन्या टाइपरायटरची मांडणी) मराठी लिहीत असाल तर कोलमॅक कंप्यूटरमध्ये बसवा, कीबोर्ड क्वर्टीच ठेवा. इंग्रजीला कोलमॅक, मराठीला इनस्क्रिप्ट, विंडोज आणि स्पेस दाबून अदलाबदल, दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

रोमन अक्षरांत "marathi" सारखं टाइप करून मराठी उमटवत असाल, म्हणजे फोनेटिक, तर बरोबर उलटं, कोलमॅक कीबोर्डमध्ये बसवा. विंडोजची फोनेटिक पद्धत अक्षरं क्वर्टीच्या जागांवरून वाचते, म्हणून कोलमॅक कंप्यूटरमध्ये असेल तर मराठीवर गेल्याबरोबर तुम्ही परत क्वर्टीत पडता, आणि एकाच डोक्यात रोमन अक्षरांच्या दोन जागा सांभाळणं महाकठीण.

कंप्यूटरमध्ये बसवताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. ड्वोराक विंडोजमध्ये आधीपासून असतो, कोलमॅक मात्र बऱ्याच विंडोज मशीनवर वेगळा इन्स्टॉल करावा लागतो आणि त्याला अॅडमिनची परवानगी लागते. मॅक आणि लिनक्सवर दोन्ही तयार मिळतात. बसवल्यावर यादीतून साधा क्वर्टी काढून टाका, नाहीतर विंडोज-स्पेस दाबताना तीन लेआउट फिरत राहतात आणि आपण कुठे आहोत ते कळत नाही. लॉगिनच्या स्क्रीनवर मात्र जरा थांबा, तिथे कधीकधी जुनाच लेआउट असतो, पासवर्ड तीन वेळा चुकतो आणि खातं लॉक होतं, कोपऱ्यातलं लेआउटचं चिन्ह बघूनच पासवर्ड टाका.

ऑफिसचा लॅपटॉप कुलूपबंद असेल आणि इनस्क्रिप्टही हवं असेल तर तिसरा मार्ग आहे. ज्या कीबोर्डमध्ये थर ठेवता येतात, म्हणजे लेयर, त्यात एका थरावर कोलमॅक आणि दुसऱ्यावर क्वर्टी ठेवायचा, मराठीला जाताना क्वर्टीचा थर. कीक्रॉन या कंपनीच्या ज्या मॉडेलना व्हाया चालतं त्यांच्यावर एक छान सोय आहे, मॅक-विंडोज असं लिहिलेलं छोटं सरकतं बटण. ते आतून फक्त थरच बदलतं, 0 नंबरचा थर मॅकचा आणि 2 नंबरचा विंडोजचा. तुम्ही एकच सिस्टिम वापरत असाल तर एका बाजूला कोलमॅक, दुसऱ्या बाजूला क्वर्टी टाकून ठेवा, बोटाने सरकवलं की काम झालं, आणि कुठल्या थरावर आहोत ते डोळ्यांनाही दिसतं. मॅकच्या थरावर ऑल्ट आणि विंडोजची जागा अदलाबदल झालेली असते, तेवढं नीट करून घ्या.

3. बटणं किती हवीत ते मराठीवरून मोजा

छोटे कीबोर्ड दिसायला फार गोड असतात. पण इनस्क्रिप्टला अक्षरांची 26 बटणं पुरत नाहीत. च आणि छ अर्धविरामाच्या बटणावर, ट-ठ त्याच्या शेजारी, ड-ढ पीच्या पुढे चौकटी कंसाच्या बटणावर, य खाली स्लॅशवर, ॉ आणि ऑ बॅकस्लॅशवर, ृ बरोबरच्या चिन्हावर. शिवाय आकड्यांची ओळ, शिफ्ट धरून 2 दाबलं की कॅमेऱ्यातला अर्धचंद्र, 5 ला ज्ञ, 6 ला त्र, 7 ला क्ष, 8 ला श्र.

आता कॉर्न नावाच्या 42 बटणांच्या छोट्या कीबोर्डवर हे बसवून बघा. आकड्यांची ओळ नाही, पीनंतर एकच उभी रांग उरते आणि तिथे सहसा बॅकस्पेस असतो, ड-ढचं बटणच नाही. "गाडी पुढे काढ" एवढं लिहायला तीनदा थर बदलावा लागेल. इंग्रजीत चौकटी कंस महिन्यात एकदा लागतो म्हणून त्या लोकांनी ते बटण उडवलं, आपल्याला ते दर वाक्यात लागतं.

म्हणून: 60 टक्केवाला चालेल (आकार पूर्ण कीबोर्डच्या टक्क्यांत सांगतात), त्यात आकड्यांची ओळ आणि वर सांगितलेली सगळी बटणं असतात, बाण, एफवाली ओळ आणि उजवीकडची आकड्यांची पेटी वगैरे जाते. 65 मध्ये बाण परत येतात. 75 मध्ये जवळपास सगळंच असतं, पहिल्यांदा घेणाऱ्याला मी हाच सुचवते. 40 टक्केवाला नको.

विकत घ्यायच्या आधी चिकटपट्टी काढा. जो कीबोर्ड घ्यायचाय त्यात नसलेली बटणं तुमच्या सध्याच्या कीबोर्डवर चिकटपट्टीने झाका आणि दोन दिवस नेहमीचं काम करा. कुठल्या पट्टीवर बोट सारखं आपटतंय ते कळेल. फुकट चाचणी आहे आणि हिच्याइतकी खरी दुसरी नाही.

एंटर आडवा आहे की उभा तेही बघा. आपल्याकडे सवय आडव्या एंटरची, उभा एंटर असलेल्यावर बॅकस्लॅश एंटरच्या वर न राहता डाव्या अंगाला येतो आणि "डॉक्टर"मधला ॉ दरवेळी चुकतो.

4. सरळ की दोन तुकड्यांचा

नवीन लेआउट आणि नवीन आकार एकदम शिकू नका. मला कळतं की एकदाच त्रास सोसून मोकळं व्हावं असं वाटतं, पण चूक झाली की ती लेआउटची की आकाराची हेच कळत नाही.

तरी स्प्लिट, म्हणजे दोन तुकड्यांचा, घ्यायचाच असेल तर मराठीसाठी मूनलँडर (72 बटणं), एर्गोडॉक्स किंवा लिली58 असे आकड्यांची ओळ असलेले बघा. स्प्लिटचा मराठीला एक खरा फायदा आहे, शिफ्ट अंगठ्याखाली आणता येतो. ख, थ, ध, भ, श, ण, ळ सगळे शिफ्टवर, करंगळीची त्यात दमछाक होते. "शिक्षण" या एका शब्दात श, क्ष, ण, तिन्हीला शिफ्ट. अंगठ्यावर हे फार सुखाचं होतं.

एक सापळा मात्र आहे. स्प्लिटवाले मधल्या ओळीच्या बटणांनाच दाबून धरलं की शिफ्ट-कंट्रोल असं बनवतात. इनस्क्रिप्टचा पाय मोडायचा हलन्त डीवर, म्हणजे त्याच ओळीत. बटण धरलंय की नुसतं दाबलंय हे ठरवायला कीबोर्ड मूळ सेटिंगप्रमाणे 200 मिलिसेकंद घेतो आणि भरभर टाइप करताना जोडाक्षरांचा चुराडा होतो. मराठीच्या थरावर ही सोय बंद ठेवा.

5. स्विच

यावर लोक पुस्तकं लिहितील इतकं बोलतात, मी थोडक्यात सांगते. लाल म्हणजे लिनियर, सरळ खाली जातो. तपकिरी म्हणजे टॅक्टाइल, मध्ये बारीकसा टप्पा लागतो. निळा म्हणजे क्लिकी, टप्पा आणि टकटक दोन्ही. दुकानाच्या गल्ल्यावर टीव्हीएस गोल्ड वाजताना ऐकला असेल तर क्लिकी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. घरात कोणी झोपत असेल किंवा ऑफिसात शेजारी बसत असेल तर निळा नको.

नवीन लेआउट शिकताना मला तपकिरी बरा पडला, कारण बोट चुकीच्या बटणावर नुसतं टेकलं तरी लाल उमटून जातो. ज्यांचं बोट हलकं आहे त्यांना लालच आवडेल. हॉट-स्वॅप असलेलाच कीबोर्ड घ्या, म्हणजे स्विच डाग न देता उपटून बदलता येतात आणि निवड चुकली तरी फक्त स्विचचे पैसे जातात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, जिथे ठेवलेले सापडतील तिथे हात लावून बघा, व्हिडिओतल्या आवाजावर जाऊ नका.

6. कीकॅप: अदलाबदल करायच्या आधी थांबा

कोलमॅक म्हणजे कीकॅप काढून नव्या जागी लावायच्या, असंच सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं, मी एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवली. लावून झाल्यावर कीबोर्डवरून हात फिरवला तर दात पडल्यासारखा, एक वर एक खाली. कारण बहुतेक कीकॅपमध्ये प्रत्येक ओळीची उंची आणि उतार वेगळा असतो, आणि कोलमॅकमध्ये बदललेल्या 17 पैकी 12 बटणं ओळच बदलतात. शिवाय एफ आणि जेवरच्या त्या दोन बारीक रेघा, ज्यांच्यावर न बघता तर्जनी टेकते, त्या दोन्ही वरच्या ओळीत निघून जातात.

मार्ग तीन. सगळ्यात चांगला, काही हलवू नका, छापील अक्षरांकडे बघणंच सोडा, तुमच्याकडे इनस्क्रिप्टची सवय असेल तर हे जमतंच, कारण त्यातही आपण कुठे बटणांकडे बघतो. दुसरा, एक्सडीए किंवा डीएसए सारख्या सगळ्या ओळी समान उंचीच्या कीकॅप घ्या, त्यात अक्षरं कुठेही लावता येतात. पण रेघा टी आणि एनवर असलेला संच मागा (ड्वोराकला यू आणि एच). तिसरा, कोऱ्या कीकॅप, रेघा एफ-जेच्या मूळ जागीच, मग इंग्रजी आणि मराठी दोघांनाही सारख्याच. मी आता कोऱ्याच वापरते.

कीकॅपचं प्लास्टिक पीबीटी बघा, एबीएस लवकर गुळगुळीत आणि चकचकीत होतं. लो-प्रोफाइल (कमी उंचीचा) कीबोर्ड घेणार असाल तर आधी विचारा की त्यावर नेहमीच्या कीकॅप बसतात का, कैल चॉकच्या व्ही1 स्विचवर त्या बसत नाहीत.

7. पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

- क्यूएमके (कीबोर्डच्या आत चालणारं खुलं सॉफ्टवेअर) आणि व्हाया चालतं का? "प्रोग्रामेबल" एवढंच लिहिलेलं असेल तर पुरेसं नाही, फक्त विंडोजवर चालणारं कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असू शकतं.
- बदल कीबोर्डच्या मेमरीत राहतात का, दुसऱ्या कंप्यूटरला लावल्यावर टिकतात का?
- हॉट-स्वॅप तीन पायांच्या स्विचचा की पाच? पाचवाला दोन्ही घेतो.
- परत घ्यायची मुदत किती, आणि खोका फोडल्यावर घेतात का?
- परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्यूटी किमतीत धरली आहे की दारात भरायची? कुरिअरवाला दारात उभा राहिल्यावर हा प्रश्न पडू नये.

ब्लूटूथचा असला तरी व्हायात बदल करताना केबल लावावी लागते, त्यामुळे "दिसत नाही" म्हणून घाबरू नका.

8. पहिले दोन महिने

कामाचा जोर असलेल्या आठवड्यात सुरुवात करू नका. माझा वेग पहिल्या आठवड्यात इतका पडला की एका मेलला अर्धा तास लागायचा. सुट्टी जोडून घ्या, दिवाळीनंतरचे दिवस बरे.

एकदम जमत नसेल तर टारमॅक आहे, क्वर्टीपासून कोलमॅकपर्यंत टप्प्याटप्प्याने नेणारा, दरवेळी थोडीच बटणं बदलतात. सरावाला कीबर आणि मंकीटाइप या दोन्ही साइट फुकट. रोज वीस मिनिटं, सलग दोन तास बसण्यापेक्षा बरी.

मराठी मात्र या काळात बंद करू नका. मला भीती होती की कोलमॅक शिकताना इनस्क्रिप्ट विसरेन. तसं झालं नाही, देवनागरी डोळ्यांसमोर आली की बोटं आपोआप त्या वळणावर जातात. गोंधळ झाला तो क्वर्टीचा, तिसऱ्या आठवड्यात मला क्वर्टीही धड येईना आणि कोलमॅकही. हा टप्पा बहुतेकांना लागतो, त्यात परत फिरू नका, आणखी दहा-बारा दिवसांत तो निघून जातो.

जुना कीबोर्ड मात्र टाकून देऊ नका, तो टेबलाखाली जोडलेलाच राहू द्या. घरातल्या कोणाला दोन मिनिटं काही टाइप करायचं असतं, लॅपटॉप दुरुस्तीला आलेल्या माणसाला हात लावायचा असतो, तेव्हा तुमचा कोलमॅक कीबोर्डमध्येच असेल तर त्यांच्या हातात सरळ जुना द्या. कोलमॅक कंप्यूटरमध्ये असेल तर जुन्या कीबोर्डवरही कोलमॅकच उमटेल, मग क्वर्टी यादीत परत घालून त्यांना द्या आणि काम झालं की आठवणीने काढून टाका.